जर्मन वाइन? गोड गैरसमज!

बीअर आणि बीएमडब्ल्यूच्या देशात तरुण पोरापोरींनी आजोबांच्या द्राक्षबागा हातात घेतल्या आणि वाइनचं अख्खं गणितच बदलून टाकलं. छोट्या बागा, उभे कडे आणि मोठ्या हिमतीची ही चवदार सफर...

जर्मनी म्हटलं, की आपल्या डोक्यात ठरलेली यादी सुरू होते. बीएमडब्ल्यू. ऑक्टोबरफेस्ट. मॅक्सम्युलर भवनातली बी-वनची परीक्षा. पुण्यातल्या निम्म्या मित्रमंडळींचा ऑनसाइट. आणि वाइन? छे! वाइन म्हणजे फ्रान्स, वाइन म्हणजे इटली, फार तर चिली नाहीतर ऑस्ट्रेलिया. ग्रुपमध्ये एखादा जाणकार असलाच, तर तो नाक मुरडून सांगणार, ‘जर्मन वाइन ना? गोड असते रे. सरबत!’

तर मंडळी, हा गैरसमज कितीही गोड असला तरी गैरसमजच आहे. आज जर्मनीत तयार होणाऱ्या दर्जेदार वाइनपैकी साधारण निम्मी ‘ट्रोकन’ म्हणजे ड्राय असते, आणि त्यातला सगळ्यात भन्नाट माल बड्या कंपन्यांकडून येत नाही. तो येतो चार-पाच हेक्टरवाल्या घरगुती वायनरीजमधून. ऑफिसच्या प्रोजेक्टसाठी तीन महिने फ्रँकफर्टला होते, तेव्हा वीकेंडला सॅक पाठीवर टाकायची आणि लोकल ट्रेन पकडायची, एवढाच उद्योग केला. त्या बारा वीकेंडचा हा अर्क.

बदनामी कशी झाली?

आधी थोडा फ्लॅशबॅक. जर्मनीत वाइनचे १३ अधिकृत प्रदेश आहेत आणि एकूण बागा साधारण एक लाख हेक्टरवर. बहुतेक सगळ्या नदीकाठी, देशाच्या पश्चिम-दक्षिण भागात. इथली राणी म्हणजे ‘रीझलिंग’ हे पांढरं द्राक्ष. रीझलिंगची सगळ्यात जुनी नोंद १४३५ सालची आहे. राइन नदीजवळच्या र्‍युसल्सहाइममध्ये एका सरदाराच्या हिशेबवहीत या वेलींच्या खरेदीचा खर्च लिहिलेला सापडला. एकोणिसाव्या शतकात तर राइन आणि मोझेलकाठच्या रीझलिंगला फ्रान्सच्या नामवंत वाइनच्या तोडीस तोड भाव मिळायचा.

मग माशी शिंकली कुठे? उत्तर आहे साखर. थंड देशात द्राक्ष नीट पिकणं हीच मुळात मुश्किल. त्यामुळे रसात साखर जास्त, म्हणजे माल चांगला, असं समीकरण बसलं. फॉर्झहाइमच्या फर्डिनांड ओक्सले नावाच्या कारागिरानं एकोणिसाव्या शतकात रसाची घनता मोजायचं साधन तयार केलं. एक लिटर रस एक लिटर पाण्यापेक्षा जितके ग्रॅम जड, तितके ‘अंश ओक्सले’. आपल्याकडे उसाची रिकव्हरी बघतात ना, तसाच प्रकार! १९७१ च्या वाइन कायद्यानं याच मापावर सगळी प्रतवारी बेतली. काबिनेट, श्पेटलेझं, आउसलेझं अशी चढती भाजणी. बाग कुठली, माती कसली, हात कुणाचा, हे सगळं दुय्यम.

त्याच कायद्यानं आणखी एक घोळ घातला. बागांची हजारो छोटी-छोटी नावं एकत्र करून सुमारे २,६०० वर आणली आणि शेजारच्या साध्या जमिनींनाही नावाजलेल्या गावाचं नाव लावायची मुभा दिली. ‘पीस्पोर्टर गोल्डट्र्योप्फशेन’ म्हणजे मोझेलकाठचा एक अस्सल, उभा, नामांकित उतार. ‘पीस्पोर्टर मिशेल्सबर्ग’ म्हणजे आसपासच्या कित्येक गावांचा एकत्र माल. लेबलावर दोन्ही सारखेच भारदस्त. गिऱ्हाइकाला कळणार कसं?

आणि मग आली ‘लीबफ्राउमिल्श’ची लाट. नाव मूळचं वर्म्स शहरातल्या एका चर्चभोवतीच्या छोट्याशा बागेचं. पण सत्तर-ऐंशीच्या दशकात या नावाखाली स्वस्त, गोडसर वाइन बाटल्या भरभरून इंग्लंड-अमेरिकेत गेली. निळ्या लेबलवाली ‘ब्लू नन’ तर घरोघरी पोचली. १९८५ साली ऑस्ट्रियात वाइनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल मिसळल्याचं उघड झालं, त्यात काही जर्मन बाटलीवालेही सापडले. झालं! उरलीसुरली पतही गेली. ज्या देशाची वाइन राजेरजवाडे प्यायचे, ती सुपरमार्केटच्या सगळ्यात खालच्या फळीवर जाऊन बसली.

आजोबांची बाग, नातवंडांचा फंडा

फ्रँकफर्टहून लोकल ट्रेननं चाळीसेक मिनिटांत माइंझ येतं. माझा आतेभाऊ तिथे दहा वर्षं राहतो. शनिवारी सकाळी दादा मला कॅथेड्रलजवळच्या बाजारात घेऊन गेला. एका बाजूला भाजीवाले, फुलवाले, आणि दुसऱ्या बाजूला चक्क सकाळी अकराला हातात वाइनचे ग्लास घेऊन उभे असलेले आजी-आजोबा, कॉलेजची मुलं आणि बाबागाडीवाले आई-बाप! पाव, सॉसेज आणि वाइन हा माइंझकरांचा शनिवारचा नाश्ता. आपल्याकडे मिसळ, तसा.

‘दादा, सकाळी सकाळी?’ मी.

‘अगं, घोट घे आधी. मग बोल,’ दादा म्हणाला.

घेतला. साखरेचा मागमूस नाही. लिंबाची साल किसल्यासारखा वास, हिरव्या सफरचंदाचा करकरीत आंबटपणा आणि गिळल्यावर जिभेच्या टोकाला समुद्राच्या वाऱ्यासारखी खारट झुळूक. स्टॉलवर ग्लास भरणारी मुलगी माझ्याच वयाची. बाग तिच्या आजोबांची. आजोबा पिंपच्या पिंप माल मोठ्या कंपनीला विकायचे. आता घरच्या नावानं बाटली भरते ती नात.

ही एकटीची गोष्ट नाही. माइंझ ही ‘राइनहेसन’ या प्रदेशाची राजधानी. जर्मनीतला हा सगळ्यात मोठा वाइन-प्रदेश, सुमारे २७ हजार हेक्टरचा. लीबफ्राउमिल्शचं माहेरही हेच, त्यामुळे बदनामीही सगळ्यात जास्त यांचीच. क्रांती झाली तीही इथेच. २००० च्या दशकाच्या सुरुवातीला इथल्या तरुण वाइनकरांनी ‘मेसेज इन अ बॉटल’ नावाचा गट काढला. कुणी गायझनहाइमच्या प्रसिद्ध वाइन-विद्यापीठात शिकलेलं, कुणी परदेशात सुगी करून आलेलं. एकमेकांच्या वाइन चाखायच्या, तोंडावर चुका सांगायच्या आणि गावच्या चुनखडीच्या टेकड्यांतून अव्वल ड्राय रीझलिंग काढून दाखवायची, हा त्यांचा फंडा.

यातलं सगळ्यात गाजलेलं नाव म्हणजे फ्ल्योर्सहाइम-डाल्सहाइम या गावचा क्लाउस पेटर केलर. गाव इतकं साधं, की वाइनच्या नकाशावर पूर्वी कुणी बोट ठेवलं नसतं. आज त्याच्या ‘जी-मॅक्स’ रीझलिंगसाठी जगभरचे शौकीन रांगा लावतात. शेजारच्या वेस्टहोफनचा फिलिप विटमन ‘मोर्श्टाइन’ नावाच्या चुनखडीच्या उतारावर बायोडायनॅमिक पद्धतीनं द्राक्षं पिकवतो. तीन दशकांपूर्वी या गावांचा माल टँकरनं जायचा. आता बाटली-बाटलीचा हिशेब होतो.

२००६ साली जर्मन वाइन इन्स्टिट्यूटनं ‘जनरेशन रीझलिंग’ नावाचं व्यासपीठ सुरू केलं. अट एकच, वय पस्तिशीच्या आत हवं. म्हणजे बघा, आपल्याकडे ज्या वयात आपण अप्रेझलवरून मॅनेजरशी वाद घालत असतो, त्या वयात ही मंडळी अख्ख्या वायनरीचे निर्णय घेतात.

शाळेच्या पाटीवरची द्राक्षं

राइनहेसन जर मवाळ टेकड्यांचा प्रदेश, तर मोझेल म्हणजे थेट कडेलोट! कोब्लेंझहून ट्रिअरकडे जाणाऱ्या ट्रेनमध्ये नदीच्या बाजूची खिडकी पकडा. कोखेमनंतर चार किलोमीटरहून लांब बोगदा लागतो, आणि बाहेर येताच समोर ‘ब्रेमर काल्मोंट’ उभा राहतो. उभा म्हणजे अक्षरशः उभा. काही ठिकाणी साठ अंशांहून जास्त चढ असलेली ही युरोपातल्या सगळ्यात उभ्या द्राक्षबागांपैकी एक. सह्याद्रीत ट्रेकिंग करणाऱ्यांनी एखाद्या गडाची घसाऱ्याची वाट आठवावी आणि तिथे वेली लावल्यात अशी कल्पना करावी.

का लावल्या एवढ्या वर? कारण सूर्य. इतक्या उत्तरेला ऊन तिरपं पडतं, त्यामुळे दक्षिणेकडे तोंड केलेला उभा उतार ऊन थेट अंगावर घेतो. खाली नदी आहे, ती उजेड परतवते. आणि जमीन? जमीन म्हणजे स्लेट. आपल्या लहानपणीच्या शाळेच्या पाटीचा दगड! दिवसभर तापतो, रात्री हळूहळू ऊब सोडतो. या दगडात फिलॉक्सेरा ही वेलींची कर्दनकाळ कीड फारशी टिकत नाही, म्हणून इथे अजूनही स्वतःच्याच मुळांवर उभ्या असलेल्या, कलम न केलेल्या जुन्या वेली दिसतात.

प्युंडरिश गावचे क्लेमेन्स आणि रीटा बुश हे जोडपं तर या दगडाचं जाहीर वेडं. १९८० च्या दशकापासून त्यांची शेती सेंद्रिय. ‘मारियेनबुर्ग’ या एकाच उतारावर राखाडी, निळी आणि लाल अशी तीन रंगांची स्लेट आहे. त्यांनी त्यांच्या वाइन दगडानुसार वेगळ्या ठेवल्या आणि बाटलीच्या गळ्यावरच्या टोपणाला त्या-त्या स्लेटचा रंग दिला. नदी तीच, द्राक्ष तेच, हातही तेच. पण निळ्या स्लेटची वाइन ताठ आणि खडी, तर लाल स्लेटची जरा मसालेदार. दोन ग्लास शेजारी ठेवून प्यायल्यावर ‘माती’ या शब्दाचा अर्थ कळतो.

थोडं पुढे एन्किर्श. इथल्या ‘बाटेरीबर्ग’ची जन्मकथा हिंदी सिनेमात शोभेल अशी. १८४१ ते १८४५ दरम्यान कार्ल आउगुस्ट इमिश यांनी कड्यात सुरुंगांमागून सुरुंग उडवले आणि बाग लावायला जागा केली. सुरुंगांच्या त्या ‘बॅटरी’वरून हे नाव. मधल्या काळात वायनरीला उतरती कळा लागली. २००९ मध्ये गेर्नोट कोलमान यांनी ‘इमिश-बाटेरीबर्ग’ पुन्हा उभी केली. शेजारच्या ट्राबेन-ट्रारबाखची ‘वायझर-क्युन्स्टलर’ ही तर ऑफिसकरांची स्वप्नकथाच. कोन्स्टान्टिन वायझर मूळचा बँकेतला. २००५ साली त्यानं आणि आलेक्झान्ड्रा क्युन्स्टलरनं मिळून कुणालाही नको असलेले उभे तुकडे घेतले आणि कामाला सुरुवात केली. ड्रोन गावच्या आन्ड्रेआस आडमनं २००० साली, शिकत असतानाच, आजोबांची बंद पडलेली वायनरी जागी केली. अशी नावं सांगावी तेवढी थोडी.

आता खरी गोष्ट सांगते. सपाट बागेत यंत्रानं काम होतं, वर्षाला हेक्टरी दोनशे-तीनशे तासांत भागतं. इथल्या कड्यावर छाटणी, बांधणी, तोडणी सगळं हातानं. हजार-बाराशे तासांच्या पुढे हिशेब जातो. माल खाली आणायला एकच रूळ असलेली चिमुकली गाडी, तीही असली तर. मोझेलच्या एका छोट्या गावात मी एका वाइनकराच्या अंगणातल्या बाकावर बसले होते. याला ‘श्ट्राउसविर्टशाफ्ट’ म्हणतात. वर्षातले जास्तीत जास्त चार महिने, फार तर चाळीस खुर्च्या मांडून वाइनकरानं स्वतःची वाइन आणि साधं जेवण विकायचं, असा हा मामला. समोरच्या डोंगरावर मला हिरव्या बागांच्या मधेमधे काटेरी झुडपांचे पट्टे दिसत होते. अंगणातल्या आजोबांनी बोट दाखवून एकेका पट्ट्याच्या जुन्या मालकाचं नाव सांगितलं. मुलं शहरात गेली, गुडघे थकले, बाग सुटली. एकदा झुडपं माजली, की दगडी बांध ढासळतात, आणि ढासळलेला बांध पुन्हा रचणारे गवंडी आता औषधालाही सापडत नाहीत.

आकडेही हेच सांगतात. १९९० च्या सुमारास मोझेलमध्ये १२ हजार हेक्टरहून जास्त बागा होत्या. आता ९ हजारांच्याही खाली आल्या आहेत. म्हणजे हे छोटे उत्पादक नुसती ट्रेंडी वाइन करत नाहीत. एक अख्खा डोंगर कोसळण्यापासून धरून ठेवतायत. स्वस्त बाटलीच्या भावात ते परवडणार नाही, हे उघड आहे.

लाल जर्मनी, आणि ती एक रात्र

‘जर्मनीत रेड?’ असं विचारणाऱ्यांसाठी आणखी एक धक्का. पिनो न्वार या नखरेल काळ्या द्राक्षाच्या लागवडीत फ्रान्स आणि अमेरिकेनंतर जर्मनीचा तिसरा नंबर लागतो. इथे त्याला ‘श्पेटबुर्गुंडर’ म्हणतात. पूर्वीची वाइन फिकट, पातळ, किंचित गोड असायची. आताची? बाडन प्रदेशातल्या ‘एन्डर्ले उंड मोल’ची घ्या. दोन मित्रांनी २००७ मध्ये साधारण दोन हेक्टरवर सुरुवात केली. जुन्या वेली, कमीत कमी ढवळाढवळ, चेरीचा सुगंध आणि रेशमासारखा पोत. त्यांच्या बाटल्या लंडन-न्यूयॉर्कच्या वाइन बारमध्ये पोचल्या.

रेडचा आणखी एक गड म्हणजे आर नदीचं खोरं. बॉनजवळची ही चिंचोळी दरी म्हणजे जेमतेम साडेपाचशे हेक्टरच्या बागा, पण त्यात बहुतांश रेड. १४ जुलै २०२१ ची रात्र या खोऱ्यातलं कुणीही विसरणार नाही. ढगफुटीसारखा पाऊस, आणि एरवी गुडघाभर पाण्याची नदी काही तासांत घरांच्या वरच्या मजल्यापर्यंत चढली. या एका खोऱ्यात १३० हून अधिक माणसं गेली. ‘मायर-नेकेल’ ही इथली नामवंत वायनरी चालवणाऱ्या माइके आणि ड्योर्टे नेकेल या बहिणी वायनरी वाचवायला गेल्या आणि पुरात वाहून गेल्या. एका झाडाला धरून त्यांनी कित्येक तास काढले, म्हणून वाचल्या. वायनरी मात्र उद्ध्वस्त झाली. खोऱ्यातल्या बहुतेक सगळ्या वायनरीजचं हेच झालं.

पुढे जे घडलं ते ऐकून अंगावर काटा येतो. सुगी तोंडावर होती. इतर प्रदेशांतले वाइनकर आपापले ट्रॅक्टर, पंप आणि माणसं घेऊन आले. एरवी बाजारात एकमेकांचे स्पर्धक! तळघरांच्या चिखलातून न फुटलेल्या बाटल्या बाहेर काढल्या गेल्या. त्या न धुता, चिखलासकट, ‘फ्लुटवाइन’ म्हणजे पुराची वाइन या नावानं विकायची कल्पना निघाली. लोकांनी त्या बाटल्यांसाठी ४० लाखांहून जास्त युरो दिले. आत कुठली वाइन आहे, हे अनेकांना माहीतही नव्हतं. माहीत एवढंच होतं, की ही बाटली घेतली तर कुणाची तरी वायनरी पुन्हा उभी राहील. आणि त्या उभ्या राहिल्याही.

थंडी कुठे गेली?

हवामानाचा खेळ इथे दोन्ही बाजूंनी चाललाय. एकीकडे उन्हाळे गरम झाले, म्हणून द्राक्षं आता सहज पिकतात. पूर्वी दहा वर्षांत दोन-तीनदा जुळून यायचं, ते हल्ली जवळजवळ दरवर्षी जुळतं. आजची दणकट ड्राय रीझलिंग आणि रेड यांचं थोडं श्रेय या उन्हालाही आहे. दुसरीकडे ‘आइसवाइन’ घ्या. वेलीवरच गोठलेल्या द्राक्षांची ही दुर्मीळ वाइन. त्यासाठी किमान उणे सात अंश तापमान लागतं. २०१९ च्या हंगामात जर्मनीच्या एकाही प्रदेशात तेवढी थंडी पडली नाही आणि इतिहासात पहिल्यांदाच आइसवाइन झाली नाही. उलट एप्रिल २०२४ मध्ये ऐन पालवीच्या वेळी दहिवर पडलं आणि झार नदीकाठच्या नि पूर्वेकडच्या बागांचे कोंब जळाले. नाशिक-सांगलीच्या द्राक्षवाल्यांना ही दोन्ही दुखणी वेगळी सांगायला नकोत.

यावर तरुणांनी शोधलेला एक उतारा म्हणजे ‘पीवी’. बुरशीला दाद न देणाऱ्या नव्या संकरित जाती. फवारण्या कमी, ट्रॅक्टरच्या फेऱ्या कमी. माइंझजवळची एव्हा फोलमर ही वाइनकर ‘झुकुन्फ्ट्सवाइन’, म्हणजे भविष्याची वाइन, या नावाखाली त्यांचा हिरिरीनं प्रचार करते. ‘सुविनिए ग्री’ हे नाव तोंडात बसायला वेळ लागेल, पण वाइन झक्कास लागते.

लेबल वाचायचा शॉर्टकट

जर्मन लेबल म्हणजे आगगाडीएवढे शब्द! घाबरू नका. एवढं लक्षात ठेवलं तरी काम फत्ते.

ट्रोकन – ड्राय. लिटरमागे जास्तीत जास्त ९ ग्रॅम साखर, तीही आंबटपणाच्या तोलात.

हाल्बट्रोकन – थोडी गोडसर, १८ ग्रॅमपर्यंत. ‘फाइनहेर्ब’ लिहिलं असेल तर साधारण याच्याच आसपास, पण या शब्दाला कायद्याचं माप नाही.

काबिनेट, श्पेटलेझं, आउसलेझं – तोडणीच्या वेळी द्राक्ष किती पिकलं होतं त्याच्या पायऱ्या. पुढे ‘ट्रोकन’ नसेल, तर वाइन बहुधा गोडसर असणार.

अल्कोहोलचा आकडा – सगळ्यात सोपी युक्ती. ७ ते ९ टक्के असेल तर साखर शिल्लक आहे. १२ किंवा पुढे असेल तर बहुतेक ड्राय.

गुट्सआबफ्युलुंग – द्राक्षं स्वतःची, वाइन स्वतःची, बाटली स्वतःच्या वायनरीत भरलेली. छोट्या उत्पादकाची खूण.

गरुडाचं चित्र – टोपणावर द्राक्षांचा घड धरलेला गरुड दिसला, तर उत्पादक ‘फाउडेपे’ या १९१० साली स्थापन झालेल्या संघटनेचा सभासद. सुमारे २०० वायनरीज. त्यांची उतरंड सोपी आहे: गुट्सवाइन (घरची साधी), ऑर्ट्सवाइन (गावाच्या नावाची), मग एर्स्टे लागं आणि ग्रोसं लागं (नामांकित बागांची). बाटलीवर ‘जीजी’ असेल तर ती अव्वल बागेतली ड्राय वाइन. गरुड नाही म्हणून वाइन वाईट, असं मात्र मुळीच नाही. अनेक नवे छोटे वाइनकर संघटनेबाहेरच आहेत.

२०२१ साली वाइन कायदाही बदलला. आता भर साखरेच्या मापापेक्षा मूळ जागेवर आहे. पन्नास वर्षांनी का होईना, गाडी रुळावर आली.

आपल्या ताटाशी जमतं का?

जमतं म्हणजे काय, फक्कड जमतं! तिखट जेवणासोबत दणकट रेड प्यायलात तर अल्कोहोल आणि मिरची मिळून तोंडात वणवा पेटवतात. त्याउलट मोझेलची आठ टक्क्यांची काबिनेट घ्या. थोडी साखर मिरचीचा जाळ शमवते, आंबटपणा नारळाच्या रसाचा जडपणा कापतो. मालवणी कोळंबीची आमटी, सुंगटाचं हुमण, अगदी झणझणीत ठेचा-भाकरीसुद्धा चालेल. ‘गोड नको’ म्हणणाऱ्यांनी तर इथूनच सुरुवात करावी, कारण इथे गोडवा चवीपुरता असतो, गुळाच्या खड्यासारखा.

बोंबील फ्राय, सुरमईची तुकडी किंवा कोथिंबीर वडी असेल तर फ्रांकन प्रदेशातली ड्राय ‘झिल्वानर’. १६५९ साली कास्टेल गावात हे द्राक्ष लावल्याची नोंद आहे, आणि ती येते चपट्या, पोट सुटलेल्या ‘बॉक्सबॉयटल’ बाटलीत. शेल्फवर चटकन ओळखू येते. पनीर टिक्का, मशरूम, मटणाचं सुकं असेल तर हलकी गार केलेली श्पेटबुर्गुंडर. पांढरी वाइन ८ ते १२ अंशांवर आणि ही रेड १४ ते १६ वर. ‘रूम टेंपरेचर’ म्हणजे मुंबईच्या मे महिन्याचं नव्हे, बरं का!

मिळेल कुठे? बाहेरून येणाऱ्या वाइनवर आपल्याकडे वर्षानुवर्षं १५० टक्के मूळ सीमाशुल्क राहिलं, त्यामुळे छोट्या जर्मन उत्पादकांची बाटली इथे सहज दिसत नाही. सुलाची नाशिकची रीझलिंग हा द्राक्षाशी ओळख करून घ्यायचा घरचा मार्ग. आणि कुणी ऑनसाइटहून परत येत असेल, तर चॉकलेटची यादी देऊ नका! प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य ड्यूटी न भरता आणता येतं, म्हणजे दोन बाटल्या सहज. निघण्यापूर्वी नियम एकदा तपासायचे. वायनरीच्या दारात गुट्सवाइन मला साधारण दहा-बारा युरोंना दिसली, आणि चांगली काबिनेट त्याच्या थोडी वर. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या पबमधल्या दोन कॉकटेलपेक्षा फार महाग नाही.

फक्त एक करा. सुपरमार्केटमधली तीन युरोंची बाटली उचलण्याआधी लेबल उलटवून ‘गुट्सआबफ्युलुंग’ शोधा. ते सात-आठ युरो जास्त जातात ते ब्रँडच्या जाहिरातीला नव्हे. ते जातात कड्यावर हातानं छाटणी करणाऱ्या माणसाला, ढासळलेला बांध पुन्हा रचणाऱ्याला, पुरातून वायनरी वर काढणाऱ्या बहिणींसारख्यांना. गिऱ्हाईक टिकलं तर बाग टिकेल आणि बाग टिकली तर डोंगर. मोझेलच्या उतारावरचा पुढचा पट्टा हिरवा राहणार की झुडपांचा होणार, हे शेवटी दुकानातल्या फळीसमोरच ठरतं.

आणि हो, ग्लास उचलताना ‘प्रोस्ट’ म्हणू नका. ते बीअरवाल्यांचं. वाइनला म्हणायचं, ‘त्सुम वोल!’ डोळ्यांत डोळे घालून, आणि गाडीची किल्ली मित्राकडे देऊन.